आठवण: फॉरेस्ट ऑफ रीडिंगचं मतदान जवळ आलंय

नमस्कार मंडळी,

ऑन्टारिओतल्या आपल्या मुलांसाठी ही आठवण. फॉरेस्ट ऑफ रीडिंग, म्हणजे मुलांच्या मतांवर पुस्तकांना पुरस्कार देणारा वाचन-उपक्रम, त्याचं मतदान एप्रिलमध्ये आहे. तिसरी ते सहावीची मुलं सिल्व्हर बर्च पुरस्कारासाठी मत देतात, सातवी-आठवीची रेड मेपल पुरस्कारासाठी. पुरस्काराच्या यादीत कॅनडातल्या लेखकांची दहा पुस्तकं असतात आणि त्यातली निदान पाच वाचलेल्या मुलालाच मत देता येतं. ज्यांची तीन-चारच झाली आहेत, त्यांनी आता जोर लावायला हवा.

नोंदणी शाळेतून किंवा सार्वजनिक ग्रंथालयातून होते. आपल्या मुलाचं नाव आहे ना, हे शाळेच्या ग्रंथपालांना आजच विचारा. या पुस्तकांना ग्रंथालयात मोठी रांग असते, म्हणून वाचून झालेली प्रत लगेच परत करा, दुसरं मूल वाट बघत असतं.

आणि एक कळकळीची विनंती. कोणतं पुस्तक आवडलं हे मुलांना जरूर विचारा, पण मत त्यांचं त्यांना ठरवू द्या. आपल्याला 'चांगलं' वाटलेलं पुस्तक त्यांना कंटाळवाणं वाटू शकतं, आणि इथे त्यांचाच शब्द शेवटचा आहे. 1994 पासून सिल्व्हर बर्चचा विजेता मुलंच ठरवत आली आहेत.

पुस्तकांची अदलाबदल करायची असेल तर नावं इथेच कळवा.