प्रॉम्प्टर काका, तुम्ही पुस्तक बंद केलं म्हणून

काका, नमस्कार.

परवा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची यादी लागली, त्यात माझं नाव आहे हे तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं झालं पोरी, आईले फोन दे" एवढंच म्हणाले. मला किती बोलायचं होतं, पण गळाच भरून आला. म्हणून इथं लिहून राहिली, सगळ्यांनी वाचू द्या.

दोन वर्षांआधी बाबांनी धान विकून शहरातल्या एका ॲक्टिंग क्लासची फी भरली होती. तिथल्या सरांनी विचारलं किती नाटकं केली, मी म्हटलं पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत तीन सीझनमध्ये अकरा, तर सगळ्यांसमोर म्हणाले ते नाटक नाही, जत्रा आहे, आधी बोली धुऊन ये. फी गेली ते गेलं, पण ते "धुऊन ये" अजून टोचते. दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांत, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री नाटक, हजारो माणसं तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात, ती जत्रा? आपल्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी ना! आणि दिल्लीच्या त्या तीन वर्षांच्या कोर्सला पदवीसोबत निदान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा मागतात, तर माझा पुरावा झाडीपट्टीचाच होता, तुमच्या पत्र्याच्या पेटीतली नाटकांची पत्रकं.

पण काका, मला सगळ्यात जास्त आठवते तो एप्रिलमधला दिवस. अंगणात मोहफुलं वाळत होती, तुम्ही छपरीत बाजेवर बसले होते, मी समोर उभी राहून ऑडिशनचं स्वगत म्हणत होती. आपल्याकडे तालीम दोन-चार दिवसांची, बाकी सगळं प्रॉम्प्टरच्या भरवशावर, विंगेतून तुमचा शब्द आला की आमचं तोंड उघडते. मी तिसऱ्याच ओळीला अडकली आणि सवयीनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पुस्तक बंद केलं, मांडीखाली ठेवलं, चष्मा काढून खिशात टाकला, आणि गप्प बसले. मला वाटलं रागावले. एक कोंबडी मोहफुलं उकरत होती, तिला पण हाकललं नाही. मग हळूच म्हणाले, "म्या बसलो आहो. तुयं तुले येऊ दे."

जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात शब्द देणारा माणूस माझ्यासाठी गप्प बसला. किती वेळ गेला माहीत नाही, पण मग जी ओळ आली ना, ती पाठ केलेली वाटलीच नाही, ती स्वगतातल्या त्या बाईचीच होती, मी रडलीच.

दिल्लीत पण अडकली मी. समोर मोठमोठी माणसं बसलेली. तेव्हा तुमची बाज डोळ्यांसमोर आली, मी घाबरली नाही, श्वास घेतला, थांबली, तर ते पण थांबले. आणि ओळ आली.

फीचा एक रुपया नाही, पाया पडू दिलं नाही, वरून काकूंनी दरवेळी जेवू घातलं. कंपनीच्या गाडीत पण ड्रायव्हरशी भांडून पोरींना आधी घरी सोडायला लावणारे तुम्हीच. असे चांगले लोक आपल्या गावागावांत आहेत, पण त्यांचं नाव कोणी घेत नाही. काल रात्री माझ्याजवळची सगळी पत्रकं परत पाहिली, लाइटवाल्याचं नाव आहे, मंडपवाल्याचं आहे, तुमचं एकावरही नाही. इथं लिहिणार होती, पण तुम्हाला आवडणार नाही म्हणून नाही लिहिलं.

शुक्रवारी वडशावरून गाडी आहे. पत्रकं परत द्यायला उद्या सकाळी येते. काकूंना सांगा, जेवूनच जाईन.