आधी शाळा, मग घर

कोल्हापूर,
५ एप्रिल २०२६

प्रिय सम्या,

बदलीची ऑर्डर आली हे कळल्यावर मी असा काही ओरडलो की ही स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊनच बाहेर आली. शेवटी नाशिक सोडून येतोयस म्हणायचं कोल्हापूरला! आधी घर बघू की आधी शाळा, हे तू विचारलंस तेव्हा फोनवर नुसतं 'सांगतो' म्हणालो. ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. गेल्या वर्षी आम्ही शुक्रवार पेठेतलं घर सोडून कळंब्याकडं आलो तेव्हा हेच सगळं निस्तरलंय. पत्र वहिनींनाही वाचायला दे, तू निम्मं विसरतोस.

आधी शाळा. घर इथं मिळतं रे. एक हुकलं तर चार दिवसांत दुसरं मिळतं, आणि अगदीच वेळ आली तर महिनाभराचं भाडं जास्तीचं टाकून धरून ठेवता येतं. शाळेतली जागा अशी धरून ठेवता येत नाही. थोरलीला पाचवीत घालायचंय, धाकटा पहिलीत. दोघांची शाळा ठरली की तिथून चालत किंवा एका रिक्षात जाता येईल एवढ्या टापूत घर बघ. आमच्या ऑफिसातल्या एकानं आधी ऐसपैस फ्लॅट घेतला, मग शाळा शोधली. आता त्याची पोरं सकाळी सव्वासहाला व्हॅनमध्ये पेंगत बसलेली दिसतात.

पाडव्याआधी कळवलं असतंस तर एक गंमत दाखवली असती. जरगनगरला महापालिकेची शाळा आहे. हो, महापालिकेचीच! तिथं पाडव्याला प्रवेश मिळावा म्हणून लोक आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरगं शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड ठेवला. त्याच गावात आता बाप आपण होऊन शाळेच्या दारात रात्र काढतोय. तेव्हा 'मराठी माध्यम, त्यात महापालिका' म्हणून नाक मुरडू नकोस. धाकट्यासाठी तिथंही चौकशी करू, पण खरं सांगायचं तर आता उशीर झालाय. अनुदानित शाळांत पाचवीला मात्र अजून वाव आहे, कारण बऱ्याच प्राथमिक शाळा चौथीला संपतात आणि हायस्कुलं पाचवीपासून नव्यानं पोरं घेतात.

आता खरी गोम. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. १७ मेला धोंड्याचा महिना लागतो तो १५ जूनपर्यंत, आणि तेवढ्यात शाळा उघडायची वेळ होते. काकू धोंड्यात नव्या घरात पाऊल टाकू देणार नाहीत, हे मी तुला लिहून देतो. तिकडं निकाल महाराष्ट्र दिनाच्या आसपास लागणार आणि त्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला मिळणार नाही. म्हणजे दाखला, प्रवेश, भाडेकरार आणि टेम्पो या सगळ्याला जेमतेम पंधरा दिवस. आमच्या आईनं यावर तोड काढलीय. १६ तारखेच्या आत काकूंना घेऊन ये, नव्या घरात कलश ठेवा, दूध उतू घालवा, एक रात्र झोपा. गृहप्रवेश झाला! मग सामान कधी का येईना. काकूंशी आईच बोलणार आहे, तू मध्ये पडू नकोस.

भाडेकरार नोंदवलेलाच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी आपल्या राज्यात नोंदणी सक्तीची आहे, आणि शाळेत पत्त्याचा पुरावा म्हणून साधा स्टॅम्पपेपर दाखवलास तर परत पाठवतील. राहायला येण्याआधी करार करून घ्यायचा आणि मुदत पुढच्या तारखेपासून लावायची, म्हणजे पत्त्यासाठी शाळा अडत नाही आणि घरमालकही कुरकुरत नाही. नोंदणीचा एजंट घरीच येतो. आमचा आला तेव्हा काय झालं ऐक. घरमालक आजोबा, सगळी हयात उसाच्या फडात गेलेली. अंगठ्याचं यंत्र काही त्यांचा ठसा घेईना. ओल्या फडक्यानं पुसला, खोबरेल चोळलं, उजवा झाला, डावा झाला. एजंट घामाघूम. आजोबा शांतपणे म्हणाले, "लई राबलाय त्यो, झिजणारच की." शेवटी मधलं बोट उमटलं. तुझा मालक शेतकरी असला तर एजंटाला सकाळ मोकळी ठेवायला सांग.

घर बघताना मालकाला पुराबद्दल विचारूच नकोस. तो म्हणणार, "पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं हुतं, आत न्हाई." समोरच्या किराणा दुकानात जा, काडेपेटी घे आणि विचार, २०१९ ला कुठवर होतं, २०२१ ला कुठवर. तो भिंतीवरची खूण दाखवेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा पातळीवर जातं, ४३ ला धोका. पावसाळ्यात हे आकडे इथं पोरांनाही पाठ असतात. आणि नुसतं घर कोरडं असून भागत नाही. मधला रस्ताही कोरडा हवा. शियेत घर आणि बावड्यात शाळा असली तर पंचगंगा फुगली की मधला रस्ताच पाण्याखाली जातो.

दाखल्याचं मात्र मनावर घे. हातात पडला की खिडकीपाशी उभं राहूनच वाच. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात. नंतर एक काना दुरुस्त करायलाही नाशिकच्या वाऱ्या कराव्या लागतील. सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवरून तिथल्या शाळेनं थोरलीचं नाव सोडलंय का तेही विचार. त्यांनी सोडल्याशिवाय इथल्या शाळेला ते ओढून घेता येत नाही. समजा दाखल्याला उशीर झालाच तर घाबरू नकोस. अनुदानित किंवा सरकारी शाळेला त्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम आहे. कलमं तोंडावर फेकू नकोस पण, हेडमास्तरांशी गोडीनं बोल.

धाकट्याची 'मुलाखत' घेऊ म्हणाले तर सरळ उठ. आमच्या पोराला एका शाळेत रंग ओळखायला लावले होते, वांग्याला यानं 'भरलं वांगं' असं उत्तर दिलं. मला तर ते बरोबरच वाटलं. अशी चाचणी घ्यायला कायद्यानं बंदी आहे, तरी चालूच असते. वहिनींनी खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव मोफत जागांचं विचारलं होतं. त्याला भाडेकरार अर्जाच्या आधीच्या तारखेचा लागतो, तेव्हा इथल्या पत्त्यावर यंदा ते जमणार नाही.

दोघांचे जन्मदाखले, आधार आणि थोरलीचं प्रगतिपत्रक यांचे फोटो उद्याच पाठव, सोमवारी दोन हायस्कुलांत जाऊन येतो. सामानाला नाशिकहून मोठा टेम्पोच कर, इथल्या गल्लीत तो शिरला नाही तर आपल्या ओळखीचा छोटा हत्ती आहे. किणी टोलनाक्याला आलास की फोन कर. त्या दिवशी जेवण आमच्याकडंच, तांबडा-पांढरा, आणि काकूंना पिठलं-भाकरी.

तुझा,
बंड्या

ता. क. कुंड्या आणू नकोस. हिनं गच्चीवर तुझ्यासाठी आधीच लावून ठेवल्यात.