अंकल पैंचे उत्तर आणि माझा निर्णय

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रसायनशास्त्राची पदवी आणि इतक्या वर्षांची स्थिर नोकरी बाजूला ठेवून मी मुलांच्या चित्रकथा काढणाऱ्या एका प्रकाशनाची जबाबदारी का घेते आहे, असे बाबांनी परवा फोनवर विचारले. तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

लहानपणी मी अनंत पैंना, म्हणजे आम्हा मुलांच्या अंकल पैंना, त्यांच्या 'टिंकल' या मुलांच्या चित्रकथांच्या नियतकालिकाच्या पत्त्यावर पत्र पाठवले होते. आईने त्यातले शुद्धलेखन तपासले होते आणि पाकिटावरचा पत्ता बाबांनी घातला होता. त्यातल्या शिकारी शंभू या पात्राचे डोळे टोपीखाली कायम झाकलेले असतात, मग त्याला समोरचे दिसते कसे, असा माझा प्रश्न होता. उत्तर आले ते चार ओळींचेच होते, पण त्यात माझा प्रश्न पुन्हा नीट मांडलेला होता आणि खाली सही होती. आपला प्रश्न एका मोठ्या माणसाने खरोखर वाचला, याचा मला झालेला आनंद तुम्ही दोघांनी पाहिला आहे. माझे आणि त्यांचे नाते एवढेच, प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. तरीही एखादे काम कसे करावे असा विचार मनात आला की माझ्यासमोर तीच सही येते.

बाबा, शिक्षण वाया जाईल ही तुमची काळजी मला समजते. पैंनीही मुंबई विद्यापीठात रसायन तंत्रज्ञानाचेच शिक्षण घेतले होते. आईवडिलांचे छत्र फार लवकर हरपलेला कारकळचा हा मुलगा मुंबईत शिकला आणि १९५४ साली त्याने 'मानव' नावाचे मुलांचे मासिक काढले, ते चालले नाही. पुढे टाइम्स ऑफ इंडियाच्या पुस्तक विभागात असताना १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यातल्या वेताळ या नायकाच्या अंकांची बाबांना किती ओढ होती, हे आईकडून मी अनेकदा ऐकले आहे. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत ग्रीक देवांविषयी उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्यांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे त्यांनी पाहिले आणि त्यातून इंडिया बुक हाउसतर्फे 'अमर चित्र कथा' ही चित्रकथांची मालिका उभी राहिली. त्यांनी लिहिलेल्या आणि राम वाईरकरांनी रेखाटलेल्या 'कृष्ण' या अंकाने तिची खरी सुरुवात झाली. हा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. सुरुवातीला दुकानदार हे अंक ठेवायला नाखूश असत आणि संपादक असलेले पै स्वतः विक्रीसाठी हिंडत, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. मला त्यांचे मोठेपण तिथे अधिक दिसते.

कारण संपादकाच्या पदावर बसणाऱ्याला केवळ गोष्टी निवडून भागत नाही. संहिता चौकटीचौकटीने तपासावी लागते, पेन्सिलीतली पाने पाहून एखाद्या योद्ध्याच्या हातातले शस्त्र त्याच्या काळाचे आहे का हे विचारावे लागते, चित्रकाराचे पैसे वेळेवर देववावे लागतात. मराठी आवृत्तीत रंग आणि चित्रे तीच राहतात, फक्त काळ्या शाईतला मजकूर बदलतो. त्यामुळे दुसऱ्या भाषेच्या मापाने काढलेल्या संवादाच्या फुग्यात आपले वाक्य अर्थ न गमावता बसवावे लागते. कारखान्यात मी जी काटेकोर तपासणी शिकले, ती इथे रोज लागणार आहे.

आई, राक्षस नेहमी काळाच का रंगवतात आणि बायका सतत रडतच का असतात, असे तू 'अमर चित्र कथे'चे अंक वाचून दाखवताना विचारायचीस. पुढे अभ्यासकांनीही तेच आक्षेप घेतले आणि मला ते योग्य वाटतात. पैंविषयीचा माझा आदर त्यामुळे कमी होत नाही. पण माझ्या हाताखालून जाणाऱ्या पानांवर तसे होऊ नये, यासाठी मी आग्रही राहणार आहे.

२४ फेब्रुवारी २०११ रोजी पै गेले, तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. त्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत. आता आमच्याकडेही मुलांची पत्रे येतात, आणि प्रत्येक पत्राला उत्तर गेलेच पाहिजे, ही अट मी काम स्वीकारतानाच घातली आहे.

पगार आधीपेक्षा कमी आहे, पण घर नीट चालेल. त्याची चिंता करू नये. पहिल्या अंकाची संहिता या पत्रासोबत पाठवत आहे. आईने संवाद मोठ्याने वाचून पाहावेत आणि जिथे जीभ अडखळेल तिथे खूण करावी. बाबांनी सनावळ्या तपासाव्यात. पाने पंधरा दिवसांत परत मिळाली तर चित्रकाराकडे वेळेत देता येतील.

तुमची लेक