आगमन कक्षातल्या आरोग्य टेबलावरच्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. चेहराही पाहिलेला नाही. मास्क, त्यावर फेस शील्ड, आणि शील्डच्या आतून धरलेलं बाष्प. २०२० सालची ती पहाट, रात्रभर विमानात जागलेली आमची रांग, आणि मी भांडायच्या तयारीत. निघण्यापूर्वीची आरटी-पीसीआर निगेटिव्ह, कपाळासमोर धरलेल्या थर्मल गनवर ताप नाही, मग १४ दिवस खोलीत कशाला कोंडून घ्यायचं? जरा चढ्या आवाजातच विचारलं मी.

'नियम आहे' एवढंच म्हणाला असतात, तर मी मुकाट पुढे गेलो असतो आणि घरी जाऊन तो नियम मोडला असता. खरं तेच सांगतो. विमानात दिलेल्या माहितीपत्रकात सगळं बरोबर छापलेलं होतं, पण झोपेनं जड झालेल्या डोळ्यांनी ती बारीक अक्षरं कोण वाचतंय?

तुम्ही त्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर एक आडवी रेघ ओढलीत आणि तिच्यावर १४ खुणा केल्यात. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेकांना ५-६ दिवस लागतात, काहींना १४ पर्यंत. मग पहिल्या खुणेच्याही अलीकडे पेन टेकवून म्हणालात, "तुमची टेस्ट इथली. त्यानंतर विमानात काय झालं, ते तिला कसं कळणार?" गनबद्दल म्हणालात, ती फक्त ताप बघते, आणि पॅरासिटामॉल घेतली असेल तर तोही कदाचित दिसणार नाही. घेतलीत का, असंही विचारलंत. मी नाही म्हणालो. घेतली होती ताई, डोकं दुखत होतं म्हणून. हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

मग सीट नंबर. मी तिकिटावरचा लिहिला होता. "प्रत्यक्ष बसलात कुठे?" मागे रिकामी खिडकी दिसली म्हणून मी जागा बदललेली. तुम्ही फॉर्मवरचा आकडा खोडून घेतलात. कुणी पॉझिटिव्ह निघालं तर त्याची रांग, पुढच्या दोन आणि मागच्या दोन, इथल्या लोकांना आधी शोधतात, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी फोन आला. माझ्या पुढच्याच रांगेतलं कुणीतरी पॉझिटिव्ह होतं. तिकिटावरच्या नंबरावर शोधलं असतं तर मी त्यांना सापडलोच नसतो. सहाव्या दिवशी अंघोळ करताना साबणाचा वास येईना. साबण अगदी नाकाला लावून पाहिला, काही नाही. तुम्ही बजावलं होतं तसं थेट दवाखान्यात न जाता आधी पत्रकावरच्या नंबरावर फोन केला. चाचणी पॉझिटिव्ह आली.

अलगीकरण आणि विलगीकरण हे मला तोवर एकाच गोष्टीचे दोन सरकारी शब्द वाटायचे. पहिलं धडधाकट दिसणाऱ्याचं, दुसरं आजार सिद्ध झालेल्याचं, ही तुमची फोड डोक्यात राहिली होती, म्हणून आईला फोनवर नीट समजावता आलं. ती भिंतीपलीकडे होती. ताट दाराबाहेर ठेवायची, दार वाजवायची आणि लांब जायची. तिला आणि बाबांना काही झालं नाही.

खोलीत वेळच वेळ होता. तेव्हा वाचलं की 'क्वारंटाईन' हा शब्द व्हेनिसकडच्या बोलीतल्या 'चाळीस'वरून आला; प्लेगच्या काळात जहाजांना तितके दिवस थांबवून ठेवत. त्याआधी रगुसात, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकमध्ये, १३७७ साली ३० दिवसांचा नियम होता. माझी १४ दिवसांची कुरकुर तिथेच थोडी कमी झाली.

तुम्ही माझ्यावर चार-पाच मिनिटं खर्च केलीत. मागची रांग कुरकुरत होती, आणि माझ्यासारखे कितीजण त्या रात्री तुमच्यावर ओरडले असतील कोण जाणे. ते पत्रक अजून माझ्याकडे आहे. सहाव्या खुणेभोवती मी नंतर एक गोल केलाय.

मनापासून आभार, ताई. आणि त्या गोळीचं तेवढं माफ करा.

तुमच्या रांगेतला एक प्रवासी