दोन दिवसांत संपलेली निवड : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना एका विद्यार्थिनीचे खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. गाव निफाड तालुक्यातले, घरी दीड एकर द्राक्षबाग. शहरात गंगापूर रोडलगत कॉट बेसिसवर राहते. आपला वेळ मोलाचा आहे याची मला जाणीव आहे. माझाही आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे कारण तेच आहे.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी पावणेसात वाजता, म्हणजे कार्यालयाला कुलूप लागल्यानंतर, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली की पुढील सत्राचा ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय, निवडण्याची लिंक सुरू झाली असून रविवारी रात्री बारापर्यंत निवड करावी, प्रथम येणाऱ्यास प्राधान्य. शनिवारी आणि रविवारी मी कॉलेज रोडवरील एका दुकानात दुपारी दोन ते रात्री दहा काउंटरवर उभी असते. शनिवारची सकाळ जर्नल पूर्ण करून सही मिळवण्यात गेली. रविवारी पहाटेच्या एसटीने गावी गेले, कारण विरळणीला मजूर मिळत नव्हते. आईबरोबर चार ओळी उरकल्या आणि हाताचा चीकही न धुता दोनच्या आत दुकानात हजर झाले. या धावपळीत लिंक पाच वेळा उघडून पाहिली. दोनदा पान कोरे आले. दोनदा ओटीपी आला तो मुदत संपल्यावर. रविवारी रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी पान उघडले, तेव्हा मला हव्या असलेल्या भूगोलाच्या विषयापुढे ‘जागा शिल्लक नाही’ असे लाल अक्षरांत लिहिलेले होते आणि माझ्या नावावर ‘वैयक्तिक वित्त नियोजन’ हा विषय आपोआप चढला होता. महिन्याला सात हजार रुपयांत खोलीभाडे, मेस, बसपास आणि परीक्षा शुल्क बसवणाऱ्या मुलीला वित्त नियोजन शिकवण्याचा हा विचार कोणाचा, ते कळले तर त्यांना माझी वही दाखवायला आवडेल.

सोमवारी खिडकीवर चौकशी केली. तिथल्या बाबूंनी मान वर न करता सांगितले की भूगोलाचा तो विषय तसाही उघडणार नव्हता. शिकवणारे सर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणारे आहेत आणि त्यांच्या नेमणुकीचे आदेश अजून निघालेले नाहीत. म्हणजे ज्या विषयासाठी मी दोन रात्री जागले, तो यादीत केवळ शोभेला मांडलेला होता. जागा भरल्या नव्हत्या, महोदय, जागा नव्हत्याच.

भूगोलाचा हट्ट कशासाठी, हे आपण विचारणार नाही, तरी सांगते. फळछाटणीनंतर पाऊस लांबला की आमच्या भागात द्राक्षांवर डाऊनी (केवडा रोग) येतो आणि फुलोऱ्यातील घड आठवडाभरात हातचे जातात. ही बुरशी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आहे, तिची आकृती काढून गुणही मिळवले आहेत. पण आमच्या शिवारात ती दरवर्षी ओढ्याकाठच्या बागांतच आधी का दिसते, उतार, दव आणि वाऱ्याची दिशा यांचा तिच्याशी काय मेळ बसतो, हे नकाशावर मांडायला मला शिकायचे होते. पुढील सत्रात दोन क्रेडिटांचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तास मोजण्याचे एकक) क्षेत्र प्रकल्प आहे. तो याच विषयावर करायचा, दर शनिवारी सकाळी गावी जाऊन नोंदी घ्यायच्या आणि दुकानातील पाळी फक्त रविवारपुरती ठेवायची, असा माझा बेत होता. त्यासाठी मालकांकडे महिनाभर आधीच शब्द टाकून ठेवला होता. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या शाखेचा विषय शिकावा, हे आपलेच धोरण सांगते. मी ते मनावर घेतले, एवढीच माझी चूक.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सालचे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत पदवीसाठी ते 2024-25 पासून लागू झाले. प्रवेशानंतर आम्हाला सभागृहात बसवून पडद्यावर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे रंगीत चौकोन दाखवण्यात आले आणि ‘आता निवड तुमची’ असे सांगण्यात आले. मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या परत घेण्याची काही सोय असल्यास कळवावे.

तासांचा हिशेब मी स्वतः मांडला आहे. सत्राला 22 क्रेडिट. त्यातील आठ प्रात्यक्षिकांचे धरले, तर एका तात्त्विक क्रेडिटला 15 आणि प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला 30 तास याप्रमाणे 210 अधिक 240, म्हणजे 450 तास होतात. पंधरा आठवड्यांत ते आठवड्याला 30 भरतात. त्यावर माझे दुकानातील 16. आमच्या वर्गात साठेक मुले आहेत आणि त्यांतील निम्मी तरी अशीच कुठे ना कुठे कामाला जातात. एकेकाला विचारून मोजलेले नाही, पण शनिवारी वर्ग ठेवला की रिकामे बाक मोजले तरी पुरेसे होते. ज्या राज्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढून स्वावलंबनाने शिकण्याची रीत घालून दिली, ज्यांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना चालते, तिथे कमावणारा विद्यार्थी वेळापत्रक ठरवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावा, याचे मला नवल वाटते. क्रेडिट साठवायला ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही राष्ट्रीय बँक आहे आणि तिथे माझे खातेही आहे. पहिल्या वर्षाचे क्रेडिट महाविद्यालयाने अजून चढवलेले नाहीत, त्यामुळे शिल्लक शून्य दिसते. वैयक्तिक वित्त नियोजनाचा पहिला धडा बहुधा हाच असावा.

आणि शिक्षक? मला सध्या सहा जण शिकवतात, त्यांतील चार तासिका तत्त्वावर आहेत. त्यांतील एक सर सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात आणि संध्याकाळी खाजगी क्लासमध्ये शिकवतात. सुट्टीत त्यांना मानधन नाही. ते मला करिअरविषयी सल्ला देतात, तेव्हा आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहणे टाळतो. पुढे एम.एस्सी. आणि नेट (प्राध्यापक होण्याची पात्रता परीक्षा) करून शिकवायचे, असे मी ठरवले होते. त्यांच्याकडे पाहिल्यापासून घरी तो विषय काढलेला नाही. आमच्या शहरात 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते खोदलेले आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वणीची तारीख गावातल्या आजींनाही पाठ असते आणि सहा महिन्यांनी येणाऱ्या परीक्षेची तारीख कोणालाच ठाऊक नसते, हे कोणत्या नियोजनात बसते?

मागण्या थोड्याच आहेत. विषयनिवडीला किमान दहा दिवस द्यावेत, त्यांतील निम्मे तरी कामाचे असावेत. शिक्षकाचे आदेश निघालेले नसतील तो विषय यादीत ठेवू नये. आणि माझी निवड बदलून मिळावी. भूगोल उघडणार नसेल, तर दुसऱ्या महाविद्यालयात तो विषय शिकून त्याचे क्रेडिट घेण्याची परवानगी द्यावी.

उत्तर धाडायचे झाल्यास कृपया शुक्रवारी संध्याकाळी धाडू नये. शनिवार-रविवारी मी दुकानात असते.

आपली,
बी.एस्सी. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी, नाशिक