शार्कोने केला घात

प्रिय शिऱ्या,

पाच महिने पत्र नाही, त्याबद्दलच्या शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा होता तिथेच आहे. आज लिहितोय ते माफी मागायला नव्हे. आपला १८९० बुडाला रे! हे दुःख कळेल असा माणूस मला दुसरा नाही. घरात सांगून पाहिलं, तर उत्तर आलं, "मग १८९१ घ्या."

ड्रॅक्युलाच्या गोष्टीत होम्सला घुसवायचा तो कुठल्या साली, यावरून काळे सरांच्या गच्चीवर आपण किती भांडलो होतो! तू १८९३ ला चिकटलेला, मी १८९० ला. माझा हिशोब साधा होता. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी छापून आली मे १८९७ मध्ये. शेवटच्या टिपणात तिचा नायक जोनाथन हार्कर म्हणतो, या सगळ्याला सात वर्षं झाली. म्हणजे १८९० च्या पुढे सरकायला जागाच नाही. तेव्हा होम्स बेकर स्ट्रीटवर, वॉटसनची बायको मेरी हयात, आणि त्या वर्षातल्या फक्त तीनच प्रकरणांची नोंद आपल्याकडे आहे, हे वॉटसनचंच म्हणणं. त्यातही ३ ऑक्टोबरला काउंट ड्रॅक्युला पिकॅडिलीच्या घराची खिडकी फोडून पळतो आणि होम्सच्या गोष्टीतलं लाल केसवाल्यांचं मंडळ बरखास्त झाल्याची पाटी लागते ९ ऑक्टोबर १८९० ला. मधले दिवस आयते मोकळे. एस्टलमननेही १९७८ च्या त्याच्या होम्स-ड्रॅक्युला कादंबरीत १८९० च धरलंय, ते काय उगाच?

तुझा १८९३ म्हणजे तेव्हा मला चेष्टा वाटायची. मे १८९१ ते एप्रिल १८९४ होम्स जगाच्या लेखी रायशेनबाखच्या धबधब्यात मेलेला. तू म्हणायचास, सिगरसन नावाने तिबेटहून परतताना त्याला काउंटच्या वाड्याजवळच्या बोर्गो खिंडीत गाठू. आणि वॉटसन? तो इकडे लंडनमध्ये शोक करत बसलेला. वॉटसनशिवाय होम्स म्हणजे ढोलकीशिवाय लावणी, हे माझं मत आजही कायम आहे.

तर झालं असं, की कादंबरीतली २६ सप्टेंबरची डॉक्टर सीवर्डची डायरी परत वाचत होतो. संमोहनाबद्दल बोलताना काउंटच्या मागे लागलेला प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग थोर शार्कोचं नाव घेतो आणि लगेच हळहळतो, की आता तो या जगात नाही. शार्को वारला १६ ऑगस्ट १८९३ ला! म्हणजे एकाच पुस्तकातलं एक वाक्य म्हणतं १८९० किंवा आधी, दुसरं म्हणतं १८९३ किंवा नंतर. माझी चौदा प्रकरणं या एका मेलेल्या फ्रेंच डॉक्टरने पाडली. हस, हस.

दोन दिवस वही उघडली नाही. मग सुचलं, की ही चूक आपण कशाला सावरायची? होम्सलाच सापडू दे. हार्करच्या बायकोचा, मीनाचा टाइपरायटर आठव. सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, सीवर्डच्या फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्या, सगळं तिने तीन-तीन प्रतींत टाइप केलं. मूळ हस्तलिखित आणि नळ्या काउंटने जाळल्या, तिजोरीतली प्रत तेवढी वाचली. शेवटी हार्कर स्वतःच कबूल करतो, की आमच्याकडे अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ नाहीच, आहे तो टाइप केलेला ढीग. आणि टाइपरायटरलाही हस्ताक्षरासारखा स्वभाव असतो, हे होम्सने झिजलेल्या एका अक्षरावरून आणि शेपूट तुटलेल्या दुसऱ्यावरून दाखवलेलं आहेच. म्हणजे जून १८९७, वॉटसन नवं कोरं पुस्तक घेऊन येतो, होम्स २६ सप्टेंबरच्या पानावर थांबतो: माणूस मरायच्या तीन वर्षं आधी त्याचा शोक? मजकुरात नंतर हात घातलाय, मूळ टंकलिखित मागवा.

इथपर्यंत मजा आहे. माझी झोप उडालीय ती पुढे. एकदा हात घातलाय म्हटलं, की होम्स थांबणार कुठे? काउंटने चावलेल्या लूसीला, मीनाच्या मैत्रिणीला, चार पुरुषांचं रक्त दिलं: आर्थर, सीवर्ड, व्हॅन हेल्सिंग, क्विन्सी. रक्तगट लांडश्टायनरने शोधले १९०१ ला. मग पोरगी दातांनी मेली की पिचकारीने? (सेबरहेगनच्या कादंबरीतल्या काउंटने हा आरोप १९७५ मध्येच करून ठेवलाय, त्यामुळे श्रेय आपल्याला नाही.) लूसीच्या आईचा मृत्यूचा दाखला सीवर्डने इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यूची सरकारी चौकशी, टाळायला लिहिला. आणि त्या बाईच्या मृत्युपत्राप्रमाणे जवळपास सगळी मालमत्ता कोणाला? होणाऱ्या जावयाला, आर्थरला! मी आजवर ते पान चाळून पुढे जायचो. होम्स जाईल का?

म्हणजे बघ, होम्स नीट लिहिला तर व्हॅम्पायर उरत नाही, उरतात चार सभ्य गृहस्थ आणि एक खून. व्हॅम्पायर खरा ठेवला तर होम्स उरत नाही. जानेवारी १९२४ च्या ससेक्सच्या व्हॅम्पायरच्या गोष्टीत तो स्वच्छ सांगतो, की आमचे पाय जमिनीवर, भुताखेतांनी अर्ज करू नये. एस्टलमनने त्याला भूत मान्य करायला लावलं, मेरीला पळवून नेऊन पाठलाग लावला. वाचायला झकास, पण तिथे होम्सच्या जागी कुठलाही धीट माणूस चालला असता. सेबरहेगन हुशार. त्याने निम्मी प्रकरणं काउंटच्याच तोंडी दिली, आणि काउंट मेलाच नाही म्हणाला. पळवाट स्टोकरनेच ठेवलीय: छातीत लाकडी खुंटी नाही, लसूण नाही, हार्करची कुकरी गळ्यावर आणि क्विन्सीचा सुरा छातीत, बस. व्हॅन हेल्सिंगचे स्वतःचेच नियम मोडले की!

आणि हो, हे तुला सांगायचं राहतच होतं. सेबरहेगनच्या १९७८ च्या होम्स-ड्रॅक्युला पुस्तकात राणीच्या हीरकमहोत्सवात लंडनवर प्लेगचे उंदीर सोडायचा कट आहे. महोत्सव कधीचा? २२ जून १८९७. प्लेग, हीरकमहोत्सव, २२ जूनची रात्र. "गोंद्या आला रे!" गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली तीच रात्र. सेबरहेगनला आपल्या चापेकरांची खबर असेल असं वाटत नाही, पण मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसता बसलो.

खोक्यांनी मात्र मला वाचवलं असं वाटतंय. काउंट ज्यांत निजतो ती मातीची पन्नास खोकी व्हिटबी बंदरात उतरली. त्याच्या कारफॅक्सच्या घरात २९, चिकसँड स्ट्रीटवर ६, बरमंड्सीत ६, पिकॅडिलीला ९. पिकॅडिलीत प्रत्यक्ष सापडली आठच. हमालांच्या जबान्या, गाडीवानांच्या पावत्या: हे मीनाने टाइप केलं तरी तिच्या हातचं नाही, बाहेर पडताळून बघता येतं. होम्सने दात, वटवाघूळ, धुकं या कशाबद्दल मत देऊच नये. फक्त पन्नासावं खोकं शोधावं. ते कुठे जातं त्यावर काउंट खरा की खोटा हे वाचकाने ठरवावं. जमेल का? की पळपुटेपणा वाटेल? तू म्हणशील पळपुटेपणा, मला ठाऊक आहे.

मंदीच्या घराचं काम संपलं का? धाकटीची ॲडमिशन झाली हे नानांकडून कळलं, पेढे कुरिअरने चालतील. तू साखर तपासलीस की नाही ते खरं सांग.

आणि एक काम कर. तुझी ती जुनी प्रत काढ आणि २६ सप्टेंबरच्या पानावर पेन्सिलीची खूण आहे का बघ. असली, तर तुझा १८९३ शार्कोवरूनच होता आणि इतकी वर्षं तू मला मुद्दाम सांगितलं नाहीस. तसं असेल तर पत्राचं उत्तर पाठवू नकोस, सरळ समोर ये.

तुझा,
बापू