शिबिरे बंद करू नका, पाणी तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात सोलापूर शहरात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले की मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरांना सर्वांत आधी टाळे लागते. पूर्व भागातल्या किंवा विडी घरकुलातल्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) मुलाचे मग काय होते? सुट्टीत शाळेची खिचडी बहुधा बंद, आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली आणि नळ रोज येत नसल्याने पिपातले साठवणीचे पाणी. संसर्ग तिथेच आहे. शिबिर बंद केल्याने मूल फक्त नजरेआड जाते.

शिबिर चालू ठेवायचे तर सगळे पाण्यावर येऊन ठरते. हजार लिटरच्या टाकीला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम लागते. गढूळ पाण्याला जास्त. ती थेट टाकीत ओतू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच टाकीत घालावी. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेले क्लोरीन रंगावरून ओळखण्याची चाचणी, करावी. रंग पिवळा आला पाहिजे, एरवी ०.२ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन चालते, साथीत ०.५ असावे. माप बरोबर असूनही रंग येत नाही, तेव्हा दोष बहुतेक पावडरीचा असतो. पोत्याचे तोंड उघडे राहिले की सोलापूरच्या मे महिन्यात तिचा जोर झपाट्याने उतरतो. ती झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सावलीत ठेवावी. उन्हातल्या टाकीतले क्लोरीनही उडते, म्हणून पाणी दुपारपर्यंत वापरायचे असेल तर टेस्ट पुन्हा करावी. पिण्याच्या पिंपाला तोटी हवी, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे. पेला बुडवला की सगळी मेहनत पाण्यात.

वेळ सकाळी सात ते दहा. पंधरा-पंधरा मुलांचे गट आणि प्रत्येक गटाला आठवडाभर तीच ताई किंवा दादा, म्हणजे एखादे मूल आजारी पडले तर लक्ष कोणावर ठेवायचे हे लगेच कळते. खाऊ ताजा, गरम आणि शिजल्यापासून दोन तासांत संपणारा. कापलेली फळे, ओली चटणी आणि बर्फगोळा नको. आपली कोरडी शेंगा चटणी खुशाल वाढा!

दारातच रोज विचारावे: कालपासून जुलाब, उलटी, ताप? ‘हो’ म्हणणाऱ्या मुलाला घरी पाठवावे आणि शेवटच्या जुलाबानंतर ४८ तासांनीच परत घ्यावे. घोडे अडते ते इथे. नाव कापले जाईल, खाऊ बुडेल, दिवसभर मूल सांभाळताना विड्यांचा हजार पुरा होणार नाही, या भीतीने घरचे आजार लपवतात. त्यांना रागावून उपयोग नाही. नाव पटावर ठेवा, खाऊ घरपोच द्या. मग लोक खरे सांगू लागतात. आजारी मुलाच्या घरावरून चिडवाचिडवी सुरू झाली तर ताईने त्याच दिवशी मुलांशी बोलावे.

ओआरएसचे, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीचे, मोठे पाकीट एका लिटर पाण्यात पूर्ण घालायचे असते. चिमूटभर पूड पेलाभर पाण्यात टाकण्याची सवय धोक्याची आहे: कमी पडली तर उपयोग नाही आणि जास्त झाली तर अंगात मीठ वाढते. कालवलेले पाणी २४ तासांनी फेकून द्यावे. शौचातून रक्त, खोल गेलेले डोळे, लघवी बंद किंवा मूल सुस्त दिसले तर वाट न पाहता सिव्हिलला (सरकारी रुग्णालयात) न्यावे. उलटी झालेल्या जागी लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडरीचे द्रावण ओतून दहा मिनिटांनी पुसावे. मुले तोवर लांब ठेवावीत.

प्रशासनाकडे मागणी एवढीच: साथीत शिबिरांवर सरसकट बंदी घालू नये, परवानगी रोजच्या ओटी टेस्टच्या नोंदीला जोडावी. महापालिकेच्या शाळांच्या खोल्या मे महिन्यात रिकाम्याच असतात. त्या शिबिरांना द्याव्यात आणि आधी तिथल्या टाक्या धुऊन घ्याव्यात.

— बालशिबिरांचे कार्यकर्ते, सोलापूर